मिसिसागाचा पत्ता

सुट्टी संपवून वसईहून परतलेल्या अल्बर्टनं बसमध्ये चढल्या चढल्या गुणवंतच्या मांडीवर एक पिशवी टाकली.

"घे. वसईची सुकेळी आहेत, सुझीनं वहिनींसाठी दिलीत. आणि खाली तुझं टपाल आहे."

"माझं टपाल वसईला कशाला येईल?"

"मला काय विचारतोस? तुझ्या मेव्हण्यानं पाठवलंय, टोरोंटोहून. आमच्या फियोनाच्या हाती."

फियोना ही अल्बर्टची धाकटी बहीण, लग्न होऊन कॅनडात गेलेली, आणि सुझी त्याची बायको. अल्बर्ट आणि गुणवंत दुबईच्या जबल अली बंदरातल्या एकाच गोदामात सुपरवायझर. रोज पहाटे शारजातल्या अल नहदाहून कंपनीच्या बसनं दीड तास जायचं आणि दीड तास यायचं, त्यामुळे एकमेकांच्या घरच्या बातम्या दोघांना तोंडपाठ होत्या.

"फियोना कधी आली होती?"

"धाकट्या भावाच्या, ट्रॉयच्या लग्नाला. म्हणजे दोन हजार अकराच्या डिसेंबरात."

"अरे, आता तेराचा जुलै चाललाय!"

"मग? पोचलं ना? ती दुबईवरून येणार होती, ऐन वेळी तिकीट बदललं, थेट मुंबईला उतरली. आईनं लग्नातल्या काचसामानाबरोबर ठेवून दिलं. आता सुझीनं कपाट आवरलं तेव्हा सापडलं. आभार मान माझे."

गुणवंतनं पाकीट काढलं. त्याला सुकवलेल्या केळ्यांचा गोड वास येत होता. आत दोन-तीन जाहिराती, एक बँकेचं पत्र आणि एक तपकिरी लिफाफा. लिफाफा कॅनडाच्या कर खात्याचा. तारीख ऑगस्ट २०११.

रमजान चालू होता. बसमध्ये कोणी पाण्याची बाटलीसुद्धा उघडत नव्हतं. पत्र वाचता वाचता गुणवंतनं आपली बाटली चाचपली आणि हात मागे घेतला.

पत्रात कसलाही आरडाओरडा नव्हता. लिहिलं होतं, आमच्या नोंदीप्रमाणे तुम्ही जून २००९ मध्ये देश सोडलात. त्यानंतर २०१० साली तुमच्या करमुक्त बचत खात्यात पाच हजार डॉलर भरले गेले. देशाबाहेर राहणाऱ्यानं या खात्यात पैसे भरले तर ते आत असेपर्यंत दर महिन्याला एक टक्का कर लागतो. शिवाय बाहेर राहिलेल्या वर्षांसाठी पैसे भरण्याचा हक्कच तुम्हाला मिळत नसल्यानं वर आणखी एक टक्का. चूक अनवधानानं झाली असेल तर साठ दिवसांत पैसे काढा आणि कळवा. माफीचा विचार करू.

साठ दिवस. पत्राला दोन वर्षं होत आली होती. आणि गुणवंतनं त्यानंतर अकरा, बारा आणि तेरा सालीही पैसे भरले होते. दर पाडव्याला, न चुकता.

"कोण मेलं का?" अल्बर्टनं विचारलं.

"गप बस," गुणवंत म्हणाला.

*

त्या खात्याचा गुणवंतला फार अभिमान होता, आणि तो अगदीच पोकळ नव्हता.

दोन हजार पाच साली बायको छाया आणि दहा वर्षांची ईशानी यांना घेऊन तो टोरोंटोजवळच्या मिसिसागाला गेला. छायाचा धाकटा भाऊ उपेंद्र तिथे आधीपासून होता. गुणवंत एका गोदामात लागला, छाया बेकरीत पाव भरायला उभी राहिली. आठ सालच्या शेवटाला मंदीनं गोदामच गिळलं. नोकरी गेली, पण तिघांचे कॅनडाचे पासपोर्ट तेवढे हाती पडायचे होते, म्हणून थांबले. त्याच सुमारास सरकारनं हे नवं खातं काढलं. वर्षाला पाच हजार डॉलर टाका, शेअर घ्या, नफ्यावर दमडीचा कर नाही. बँकेतला माणूस म्हणाला, आमच्या सल्लागाराकडून घ्या. गुणवंतनं हिशेब केला, सल्लागार दरवर्षी किती खातो ते पाहिलं आणि नाव नोंदवलं एका स्वस्त ऑनलाइन कंपनीत. दर सौद्याला ठरावीक नऊ-दहा डॉलर, बाकी आपलं डोकं आपल्या खांद्यावर.

नऊच्या मार्चमध्ये सगळं जग शेअर विकत सुटलं होतं. पाडव्याच्या दिवशी गुणवंतनं छायाचे बेकरीतले पाच हजार टाकून तिथल्या दोन बँकांचे शेअर घेतले. छायाला त्या पैशांच्या बांगड्या हव्या होत्या. ती आठवडाभर बोलली नाही. चार वर्षांत त्या पाच हजारांचे दहा झाले.

जूनमध्ये जबल अलीची नोकरी मिळाली आणि ते शारजात आले. इथेही मंदीच होती, पण निदान घरभाडी उतरली होती. निघताना गुणवंतनं ऐकलं होतं की परदेशी राहायला गेलेल्याचं खातं शेअरची कंपनी गोठवते, फक्त विकू देते, घेऊ देत नाही. मग त्यानं कंपनीला काही सांगितलंच नाही. पत्ता उपेंद्रचा ठेवला. पत्रं आली की उपेंद्रनं जपून ठेवायची आणि कोणी इकडे येणारं असलं की हाती द्यायची. आपल्या लोकांत लोणच्याच्या बरण्या जातात, औषधं जातात, लग्नाचे शालू जातात, मग चार कागदांचं काय?

दर पाडव्याला छाया सोन्याचं नाव काढी. आता ती अल नहदातच एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला होती, पगार स्वतःचा होता, पण गुंतवणूक हे खातं गुणवंतचं. या वर्षी पाडव्याच्या दुसऱ्याच दिवशी सोनं धाडकन पडलं, तेव्हा गुणवंतनं टीव्हीचा आवाज मोठा करून ती बातमी तिला तीनदा ऐकवली होती.

त्या खात्यात आता पस्तीस हजार डॉलर होते. ईशानीला तिथल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. पंधरा ऑगस्टच्या आत फी आणि हॉस्टेलचे सतरा हजार भरायचे, नाहीतर जागा गेली. दुसरे पैसे नव्हते. सगळं त्या खात्यावर होतं.

*

रमजानचे कामाचे तास कमी. गुणवंत साडेचारला घरी आला. छाया दवाखान्यात होती. त्यानं पहिला फोन उपेंद्रला लावला.

"दाजी! इतक्या सकाळी? ताई बरी आहे ना?"

"ताई बरी आहे. करवाल्यांचं पत्र आलं होतं ते तू मला फोन करून का सांगितलं नाहीस?"

"कुठलं पत्र?"

"अकरा सालचं! तपकिरी लिफाफा!"

"ते? ते मी पाठवलं ना हाती. त्या वसईच्या बाई होत्या त्यांच्याकडे."

"अरे, उघडून तरी बघायचंस."

उपेंद्र दुखावला. "दाजी, दुसऱ्याचं पत्र उघडायची शिकवण नाही आमच्या घरात. ताईला विचारा."

"बरं. नंतर आणखी आली का?"

"हो, आहेत ना. दोन तसलीच आहेत. ड्रॉवरमध्ये जपून ठेवलीत. गणपतीत कोणी येणारं असलं तर..."

गुणवंतनं कपाळावर हात मारून घेतला. मग त्यानं उपेंद्रला ती उघडायला लावली. बारा सालचं पत्र पहिल्यासारखंच, फक्त मायेचा एकेक शब्द त्यातून गळालेला. तेरा सालच्या पत्रात नुसता फॉर्म आणि आकडे.

दुसरा फोन शेअरच्या कंपनीला. खात्यातून सगळं काढून मोकळं व्हायचं असं त्यानं ठरवलं होतं, पण विकायला गेलं की पडद्यावर पाटी येई, 'पत्त्याची खात्री करा, आम्हाला फोन करा.' त्यांचा फुकटचा नंबर शारजाहून लागेना. इंटरनेटवरून फोन करायची इथे बंदी. साधा नंबर शोधून त्यानं लावला, तर पियानो सुरू. तुमचा फोन आमच्यासाठी मोलाचा आहे, असं एक बाई दर मिनिटाला सांगत होती आणि त्या प्रत्येक मिनिटाला गुणवंतचे दोन दिरहम जात होते. पहिल्यांदा पस्तीस मिनिटांनी फोन कटला. दुसऱ्यांदा सात वाजून गेल्यावर एक मुलगी फोनवर आली. गोड बोलत होती. जन्मतारीख, नंबर, सगळं विचारून झालं.

"सर, आपण सध्या कुठे राहता?"

"मिसिसागा," गुणवंत म्हणाला.

तेवढ्यात इफ्तारची तोफ झाली. काचा हलल्या. पाठोपाठ समोरच्या, मागच्या आणि कोपऱ्यावरच्या मशिदीत अजान सुरू झाली.

"सर, हा कसला आवाज?"

"टीव्ही."

"सर, आपला फोन नऊशे एकाहत्तरपासून सुरू होणाऱ्या, म्हणजे अमिरातीच्या नंबरवरून येतोय."

"प्रवासात आहे."

"हरकत नाही. पत्त्याचा एखादा पुरावा पाठवा. विजेचं बिल, भाडेचिठ्ठी, काहीही. दोन दिवसांत खातं मोकळं होईल. परदेशात राहत असाल तर त्याचा वेगळा फॉर्म आहे. त्याला दहा-पंधरा दिवस लागतात. आणखी काही मदत करू शकते का?"

*

त्या रात्रीच्या जेवणाला छायाला सगळं सांगावं लागलं. सांगताना गुणवंत आमटीकडे बघत होता.

छायानं भाताचा डाव खाली ठेवला. "किती?"

"अजून नक्की..."

"अहो, किती?"

"सगळं मिळून साडेनऊ हजार डॉलर होतील. तेहतीस हजार दिरहम."

"म्हणजे साडेपाच लाख," छाया म्हणाली. दवाखान्यात रुपयांत हिशेब करून घाबरणारे पेशंट ती रोज बघत असे. "साडेपाच लाखांचं सोनं मी अंगावर घातलं असतं तर निदान चोरानं नेलं असतं. नाव सांगायला चोर तरी असता."

"मी मार्केट चुकलो का? सांग ना! सगळं जग विकत होतं तेव्हा मी घेतलं. शेअर दुप्पट केले मी!"

"तुम्ही केले? तुम्ही कधी बँक चालवायला गेला होता?"

ईशानी लॅपटॉप घेऊन शेजारीच बसली होती. तिनं मान वर न करता म्हटलं, "बाबा, मामाची मेल आलीय. भाडेचिठ्ठी."

"आली? मीच मागवली होती. बघू, वाच."

ईशानीनं वाचायला सुरुवात केली आणि तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "मामा लिहितो, गुणवंत हे गेली चार वर्षं माझ्या बेसमेंटमध्ये भाड्यानं राहतात. भाडं महिना तीनशे डॉलर. इन्क्लुडिंग लॉन्ड्री."

"मग इथे माझ्याकडे कोण राहतं?" छाया म्हणाली.

"चेष्टा नको," गुणवंत करवादला. "ही चिठ्ठी गेली की दोन दिवसांत खातं मोकळं. फी भरली जाईल. पोरीची जागा महत्त्वाची की माझं बेसमेंट?"

"पण बाबा, एक सांगा." ईशानीनं तपकिरी लिफाफ्यातलं पत्र उचललं. "शेअरवाल्यांना वाटतं तुम्ही मिसिसागात आहात. ओके. मग टॅक्सवाल्यांना कसं माहीत की तुम्ही दोन हजार नऊच्या जूनमध्ये गेलात? महिन्यासकट?"

गुणवंतनं आमटीची वाटी पुढे ओढली.

"बाबा?"

"मीच सांगितलं," तो म्हणाला. "देश सोडल्याचा फॉर्म भरला होता. त्या वर्षीच्या बेकारभत्त्यातून कापलेला कर परत मिळत होता."

"किती?"

"अकराशे चाळीस डॉलर."

छाया उठून स्वयंपाकघरात गेली. तिथला फ्रिज उघडून तिनं ताक बाहेर काढलं, आणि परत येताना फ्रिजच्या दारावर हात आपटला. "हाच ना तो? त्याच पैशांत घेतलेला?"

"हो."

"म्हणजे जिथे खरं सांगून पैसे मिळत होते तिथे खरं सांगितलंत, आणि जिथे खोट्यानं काम होत होतं तिथे खोटं. दोन कचेऱ्यांना दोन पत्ते! आणि त्या दोघी एकमेकींशी बोलत असतील हे तुमच्या गावीही नव्हतं?"

ते खरोखरच त्याच्या गावी नव्हतं. शेअरची कंपनी दरवर्षी कर खात्याला कळवते, या नावानं इतके डॉलर भरले. कर खातं आपली वही उघडतं, तिथे लिहिलेलं असतं, हा माणूस केव्हाच गेला. यात कोणी चाणाक्ष अधिकारी लागत नाही. माणूसच लागत नाही. गुणवंतनं स्वतःच्या हातानं दोन कागद भरले होते, आणि यंत्रानं ते शेजारी शेजारी ठेवले होते, एवढंच.

"मग ही चिठ्ठी पाठवून काय होणार?" ईशानी म्हणाली. "पैसे निघतील. पण टॅक्सवाल्यांना माहीतच आहे. उलट चार वर्षांच्या खोट्यावर एक सही केलेलं खोटं. आणि सही मामाची."

"तर मग काय करू? फॉर्मला पंधरा दिवस लागले, वर एखादा कागद कमी निघाला, की तुझी जागा गेली!"

जागा ईशानीची होती. अठरा वर्षांची पोर, कुठल्या हॉस्टेलची कुठली खोली हेसुद्धा तिनं बघून ठेवलं होतं. ती म्हणाली, "माहितीय मला."

छायानं ताक टेबलावर ठेवलं. बोलली असती तर बरं झालं असतं. कोणी तरी हुकूम सोडावा, मग आपण त्यावर चिडावं, अशी गुणवंतची इच्छा होती. दोघी नुसत्या त्याच्याकडे बघत होत्या. आणि त्याला राहून राहून उपेंद्रची चिठ्ठी दिसत होती. इन्क्लुडिंग लॉन्ड्री. त्या भल्या माणसानं दुसऱ्याचं पत्र उघडलं नव्हतं, आणि आता तो दुसऱ्यासाठी खोटी सही करून बसला होता.

"काढ तो फॉर्म," गुणवंत म्हणाला. "परदेशवाला. आणि करवाल्यांना पण पत्र लिही. मी सांगतो, तू इंग्रजी कर."

पत्राला दोन तास लागले. गुणवंत सांगे, "लिही, आम्हाला कोणी कल्पना दिली नाही." ईशानी म्हणे, "पण तुम्हाला माहीत होतं की फ्रीज करतात." तो सांगे, "लिही, टपाल वेळेवर मिळालं नाही." ती विचारी, "का नाही मिळालं?" आता हे त्या ओटावातल्या करवाल्या साहेबाला कसं समजवायचं? की आमच्यात टपाल टपालानं जात नाही, कोणी जाणारं असलं की जातं; की फियोनाचं तिकीट बदललं; की ते वसईत काचसामानात होतं? शेवटी ईशानीनं ते सगळं, जसंच्या तसं, पंधरा ओळींत लिहिलं. वाचून दाखवलं तेव्हा छायाला हसू आलं. गुणवंतला आलं नाही.

*

त्यानंतरचे तीन आठवडे त्यानं घरात कोणाला नीट बसू दिलं नाही. फॉर्म पाठवला, तर कंपनीनं कळवलं, सही जुन्या सहीशी जुळत नाही. पुन्हा पाठवला, तर पासपोर्टची प्रत अंधुक. अल्बर्टनं गोदामातल्या चांगल्या यंत्रावर प्रत काढून दिली आणि वर सांगितलं, "टेन्शन नको घेऊ, इन्शाल्ला होईल." गुणवंत त्याच्यावर असा खेकसला की अल्बर्ट दोन दिवस बसमध्ये मागे जाऊन बसला. मग तिकडे सोमवारची सुट्टी आली, इकडे ईद आली. पियानो आता गुणवंतला पाठ झाला होता.

बारा ऑगस्टला खातं मोकळं झालं, फक्त विकण्यापुरतं. गुणवंतनं त्याच दिवशी सगळं विकलं. दोन्ही बँकांचे शेअर त्या आठवड्यात नेमके खाली आले होते. चौदाला सतरा हजार विद्यापीठाला पोचले. ईशानीनं पावती छापून फ्रिजवर लावली, आणि महिनाअखेरीस ती गेली. विमानतळावर गुणवंत तिच्याशी कमी आणि सामानाच्या वजनावरून काउंटरवरच्या माणसाशी जास्त बोलला.

कर खात्याचं उत्तर डिसेंबरात आलं, थेट शारजाच्या पोस्ट बॉक्सवर, तिकडे टपालात पडल्यापासून सोळा दिवसांत. साहेबानं वसईची हकीकत पूर्ण वाचलेली दिसत होती, कारण तिचा उल्लेख होता. उशिरा कळवल्याचा दंड माफ. मूळ कर मात्र माफ नाही. कारण देश सोडल्याचं तुम्ही स्वतःच आम्हाला २००९ साली कळवलं होतं, तेव्हा आपण तिथले रहिवासी नाही याची तुम्हाला कल्पना नव्हती असं म्हणता येत नाही.

"म्हणजे खरं बोललो त्याचीच शिक्षा!" गुणवंतनं कागद टेबलावर आपटला. "तो फॉर्म भरला नसता तर यांना कळलंच नसतं!"

"अकराशे चाळीस डॉलर," छाया म्हणाली. "फ्रिज चांगला निघाला हो पण."

साडेनऊ हजार डॉलर गेले. उरले साडेआठ. पुढच्या वर्षाची फी त्यातून निम्मीसुद्धा होणार नव्हती. गुणवंतनं गोदामात शुक्रवारची जादा पाळी मागून घेतली. ते दोन शेअर तो आता बघत नाही असं तो सांगे, पण कुठल्या दिवशी ते किती वर गेले हे कोणी न विचारताच सांगे.

जानेवारीत एका शुक्रवारी ईशानीचा फोन आला. हॉस्टेलमध्ये बर्फामुळे वीज जात होती, पण ती खुशीत होती. लायब्ररीत तिला काम मिळालं होतं.

"बाबा, मी पण ते टॅक्स-फ्री खातं उघडलं. तुमच्याच कंपनीत. स्वस्त आहे."

गुणवंत ताठ बसला. "किती टाकलेस?"

"पन्नास डॉलर."

"पन्नास? बरं. शेअर घाईनं घेऊ नकोस. आणि पत्ता कुठला दिलास?"

"हॉस्टेलचा. इथेच राहते ना मी."

"आणि उद्या हॉस्टेल सोडलंस तर? नोकरीला दुसरीकडे गेलीस, देशच सोडलास, तर?"

"तर सांगेन त्यांना."

"सांगेन म्हणजे कसं?"

"म्हणजे फॉर्म आहे ना, बाबा. दोन मिनिटांचं काम."

दोन मिनिटं. गुणवंतला या उत्तरात कुठे तरी खोट काढायची होती. त्यानं बराच वेळ शोधली. तिकडून ईशानी "हॅलो, बाबा, हॅलो" करत राहिली.

"घे, तुझ्या आईशी बोल," तो म्हणाला, आणि फोन छायाच्या हातात देऊन बाल्कनीत जाऊन उभा राहिला.